फाटक बंद करण्याआधी पायी जाणाऱ्यांची मोजणी करा

गावाच्या मधोमध असलेलं रेल्वे फाटक बंद होऊन तिथे उड्डाणपूल होणार म्हटलं की सगळ्यांनाच हायसं वाटतं. वाटायलाच हवं. रस्ता आणि रूळ एकाच पातळीवर एकमेकांना छेदतात ती जागा कधी ना कधी जायलाच पाहिजे. पण पूल सुरू झाला की जुन्या फाटकाच्या जागी भिंत उभी राहते आणि थोड्याच दिवसांत तिला माणूस जाईल एवढं भगदाड पडतं. बाजाराला निघालेल्या बाया, शाळेची पोरं, स्टेशन गाठायला धावणारे नोकरदार तिथून ये-जा करू लागतात. फाटक होतं तेव्हा निदान गेटमन होता, दिवा होता, भोंगा होता. आता त्यातलं काहीच नाही. मग एखादा गाडीखाली आला की ‘लोकांना शिस्त नाही’ असा शेरा मारून विषय मिटवला जातो. दोष आराखड्याचा आहे, असं माझं ठाम मत आहे. तो आराखडा वाहनांसाठी काढलेला असतो. पायी जाणाऱ्याला त्यात जागा नसते, कारण त्याला कोणी मोजलेलंच नसतं.

फाटकाचं महत्त्व रेल्वे ‘टीव्हीयू’ म्हणजे ट्रेन व्हेइकल युनिटमध्ये ठरवते. चोवीस तासांत जाणाऱ्या गाड्यांची संख्या गुणिले तेवढ्याच वेळात फाटक ओलांडणाऱ्या वाहनांची एककं, असा हा हिशोब आहे. मोटार किंवा ट्रकला पूर्ण एकक, रिक्षाला अर्धं, दुचाकीला त्याहून कमी. पायी चालणाऱ्याला काहीच नाही. दर तीन वर्षांनी सलग सात दिवस ही मोजणी होते आणि तिची सरासरी काढतात. फाटकाचा वर्ग त्यावरून ठरतो. रेल्वे आणि राज्य यांनी निम्मा निम्मा खर्च उचलून उड्डाणपूल बांधायचा, तर टीव्हीयू एक लाखाच्या वर असावा असा सर्वसाधारण निकष आहे. समजा, एका फाटकावरून दिवसाला ८० गाड्या जातात आणि वाहनांची एककं भरतात १,०००. टीव्हीयू झाला ८०,०००. त्याच फाटकातून रोज पंधरा हजार माणसं पायी जात असली, तरी आकडा ८०,०००च राहतो.

जुलै २०२५मध्ये तामिळनाडूत कडलूरजवळ शाळेच्या व्हॅनला रेल्वेगाडीची धडक बसून मुलं दगावली. त्यानंतर फाटक सिग्नलशी जोडण्यासाठीची, म्हणजे इंटरलॉकिंगची, टीव्हीयू मर्यादा २०,००० वरून १०,००० वर आणण्यात आली. निर्णय चांगला आहे, पण माप तेच राहिलं.

अपघातांच्या हिशोबातही असंच घडतं. रेल्वे ज्यांना गंभीर रेल्वे अपघात म्हणून मोजते त्यांत टक्कर, घसरणं, आग, फाटकावर वाहनाला बसलेली धडक हे प्रकार येतात. रूळ ओलांडताना मेलेला माणूस ‘अनधिकृत प्रवेश करणारा’ ठरतो, त्याची नोंद वेगळ्या रकान्यात जाते, आणि तिकीटधारक प्रवाशाच्या घरच्यांना मिळू शकणारी भरपाई त्याच्या घरच्यांना सहसा मिळत नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२मध्ये अहवाल दिला. देशात दरवर्षी सुमारे १५,००० माणसं रूळ ओलांडताना मरतात आणि त्यातली सुमारे ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर, असं त्यात नोंदवलं होतं. सगळी फाटकं पाच वर्षांत काढून टाका, अशी शिफारसही याच समितीची. ब्रॉडगेजवरची गेटमन नसलेली फाटकं जानेवारी २०१९पर्यंत संपली, हे मोठं काम झालं. गेटमन असलेली गावातली गर्दीची फाटकं मात्र अजून पुष्कळ आहेत, आणि पायी माणूस सर्वांत जास्त तिथेच असतो.

अशा फाटकावर माणूस मरतो कसा, हे नीट समजून घेतल्याशिवाय उपाय सुचणार नाहीत. दुहेरी मार्ग घ्या. फाटकाचा दांडा जवळच्या रुळांच्या मध्यरेषेपासून किमान तीन मीटरवर असतो. दोन मार्गांच्या मध्यरेषांतलं अंतर नव्या कामात ५.३ मीटर. म्हणजे या दांड्यापासून त्या दांड्यापर्यंत अकरा मीटरच्या वर. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, त्याला नऊ-साडेनऊ सेकंद लागतात. गुडघे दुखणारी आजी ०.८ मीटरने चालते, तिला चौदा. ताशी ११० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला तीस मीटर कापते, म्हणजे आजी पलीकडे पोचेपर्यंत सव्वाचारशे मीटर. तिने दांड्याखालून वाकून पाऊल टाकलं तेव्हा गाडी चारशे मीटरवर असेल, तर तिच्या हातात वेळच नाही. लोको पायलटने त्या क्षणी आपत्कालीन ब्रेक लावला तरी उपयोग नाही, तेवढ्या वेगातली गाडी थांबायला किलोमीटरभर लागतो.

हा अंदाज नजरेला करता येत नाही. मोठी वस्तू असते त्यापेक्षा सावकाश येतेय असं डोळ्याला वाटतं, आणि गाडी समोरून येत असेल तर तिचा आकार शेवटच्या काही सेकंदांत एकदम वाढतो. शिवाय डबा रुळाच्या बाहेर प्रत्येक बाजूला पाऊण मीटरहून जास्त आलेला असतो. रुळापासून एक पाऊल मागे उभं राहिलं म्हणजे सुरक्षित, असं समजणारा माणूस खरं तर डब्याच्या कडेलाच उभा असतो. विजेची इंजिनं डिझेलसारखी लांबून ऐकू येत नाहीत. फाटकापासून ६०० मीटरवर ‘सी/फा’चा (सीटी/फाटक) फलक असतो आणि तिथून लोको पायलट शिट्टी वाजवतो, पण बाजारपेठेच्या गोंगाटात, त्यातही हॉर्न वाजवणाऱ्या दुचाकींच्या रांगेत, ती वेगळी ओळखू येईलच असं नाही.

दांडा पडलेला असताना लोक वाकून का जातात, याचं उत्तर बरंचसं फाटकाच्या कामकाजातच आहे. इंटरलॉक फाटकात आधी दांडा पूर्ण खाली येऊन लॉक व्हावा लागतो, मगच सिग्नल हिरवा देता येतो. आणि गाडीला वेग कमी करावा लागू नये म्हणून सिग्नल ती बरीच लांब असतानाच द्यावा लागतो. त्यामुळे दांडा पडणं आणि गाडी येणं यांत कधी दोन मिनिटं जातात, कधी आठ. स्टेशन जवळ असेल, शंटिंग (डबे जोडणं-हलवणं) असेल किंवा लागोपाठ दोन गाड्या असतील, तर पंधराही. रोज जाणारा माणूस यातून एकच गोष्ट शिकतो: ‘दांडा पडला म्हणून गाडी लगेच येत नाही.’ बहुतेक दिवशी हे खरं ठरतं, आणि तेच घातक आहे. भोंगाही दांडा पडल्यापासून गाडी जाईपर्यंत एकाच सुरात वाजतो. तिसऱ्या मिनिटानंतर तो कोणाला ऐकूच येत नाही.

यावर खर्चिक उपाय लागत नाही. गाडी ठरावीक अंतरावर आली की भोंग्याचा सूर आणि दिव्याची लुकलुक बदलली पाहिजे. गाडी ओळखणारी यंत्रणा, म्हणजे ट्रॅक सर्किट किंवा अ‍ॅक्सल काउंटर, सिग्नलसाठी अनेक मार्गांवर आधीच असते. तिचा आणखी एक संदेश फाटकावरच्या पाटीपर्यंत न्यायचा आहे. पाटीवर गाडीची दिशा बाणाने दिसावी आणि मोठ्या मराठी अक्षरांत लिहून यावं: ‘दुसरी गाडी येत आहे’.

ही दुसरी गाडी म्हणजे फाटकावरचा सर्वांत कपटी धोका. पहिली गाडी गेली की थांबलेली सगळी गर्दी एकदम सुटते. तिच्या शेवटच्या डब्याने पलीकडचा मार्ग झाकलेला असतो, तिच्या आवाजात दुसरीचा आवाज बुडालेला असतो. इंग्लंडमध्ये एल्सनम स्टेशनाजवळच्या फाटकावर ३ डिसेंबर २००५ रोजी दोन शाळकरी मुली अशाच गेल्या. आपली गाडी येताना दिसली, ती चुकू नये म्हणून त्या पादचाऱ्यांसाठीच्या लहान दारातून आत शिरल्या आणि दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. लाल दिवा लागलेला होता, भोंगा चालू होता, पण ते लहान दार लॉक होत नव्हतं. तिथे लॉक बसवावं किंवा पूल बांधावा याचा विचार आधीच्या धोका-पाहणीत झालेला होता, हे पुढे उघड झालं. २०१२मध्ये न्यायालयाने रेल्वेमार्ग सांभाळणाऱ्या कंपनीला दहा लाख पौंडांचा दंड केला. पूल आणि लॉक आले ते त्या मुली गेल्यानंतर.

आपल्याकडेही मोठ्या फाटकांच्या बाजूला पादचाऱ्यांसाठी फिरतं किंवा नागमोडी दार असतं. ते गुरं आत येऊ नयेत म्हणून केलेलं असतं. गाडी येताना ते बंद होत नाही. गाव मोठं झालं, गाड्या वाढल्या, वेग वाढला, तरी दाराचं काम गुरं अडवणं एवढंच राहिलं.

मालगाडीचा प्रश्न वेगळा आहे. पूर्ण लांबीची मालगाडी सातशे मीटरच्या आसपास असते. ती स्टेशनात घेताना शेपूट फाटकावर राहिलं, की अर्धा तास रस्ता बंद. मग लोक दोन वाघिण्यांच्या मधल्या कपलिंगवर चढून पलीकडे उतरतात, शाळेची मुलं दप्तर आधी पलीकडे टाकून खालून सरपटतात. अशी गाडी सुटताना सगळी एकदम हलत नाही. इंजिनाने ओढलं की कपलिंगमधली सैल जागा एकेक करत ताणली जाते आणि तो झटका मागे येतो. खालच्या माणसाला गाडी निघाल्याचं कळतं ते चाक हलल्यावर. याला कुंपण चालत नाही. फाटक अडवून गाडी उभी करायची नाही, असा स्टेशनसाठी पक्का आदेश आणि अडवली तर त्याची मिनिटांसह नोंद, एवढंच चालतं.

फाटक जितका जास्त वेळ बंद, तितका गेटमनवरचा ताण मोठा. दुचाकीवाले शिव्या घालतात, ॲम्ब्युलन्स अडकते, कोणी मारायला धावतं. रेल्वे कायद्याच्या कलम १६०नुसार फाटक उघडण्यास तीन वर्षांपर्यंत आणि तोडण्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण रात्री एकट्या उभ्या असलेल्या गेटमनला त्या कलमाचा आधार किती? हा दबाव काय करू शकतो ते जपानने पाहिलं आहे. तिथे गर्दीच्या वेळी तासातली चाळीस मिनिटं किंवा अधिक बंद राहणाऱ्या फाटकांना ‘न उघडणारी फाटकं’ म्हणतात. टोकियोतल्या ताकेनोत्सुका स्टेशनजवळचं हाताने चालवायचं फाटक असंच होतं. १५ मार्च २००५ला तिथल्या कर्मचाऱ्याने गाडी येत असतानाच लॉक काढून दांडा उचलला आणि दोन महिला मेल्या. मार्ग उंचावर नेऊन ते फाटक कायमचं संपवलं ते २०२२मध्ये. मुंबईच्या उपनगरी रेल्वेने प्रवास करणाऱ्याला ठाण्यापुढच्या दिवा स्टेशनचं फाटक ठाऊक आहे. तिथे रस्त्याच्या रांगेला आणि लोकलच्या वेळापत्रकाला एकाच वेळी वाट द्यावी लागते आणि दोन्हींचे हाल होतात.

पूल व्हायला वर्षं जातात, तोपर्यंत फाटकावर चालणाऱ्यासाठी निदान पट्टा तरी वेगळा हवा. आज काय होतं? फुटपाथ फाटकाच्या अलीकडेच संपतो. दांडा पडला की दोन्ही बाजूंच्या दुचाक्या पूर्ण रस्ता व्यापून एकमेकींसमोर उभ्या राहतात. दांडा उठला की त्या रुळांवरच अडकतात आणि पायी माणूस कडेच्या खडीवर ढकलला जातो. तिथे ना पट्टी ना पातळी. रूळ आणि त्याला लागून आत बसवलेला जोडरूळ, म्हणजे चेक रेल, यांच्यातली फट पन्नास-पंचावन्न मिलिमीटरची असते. चाकाच्या कडेला ती लागतेच, बुजवता येत नाही. व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक किंवा काठीचं टोक तिच्यात तिरकं गेलं तर अडकतं, सरळ काटकोनात गेलं तर सहसा अडकत नाही. म्हणून पादचारी पट्टा रुळांना काटकोनातच असला पाहिजे. दीड ते दोन मीटर रुंद, कठडा लावून वाहनांपासून तोडलेला, रुळांमध्ये बसवलेल्या ब्लॉकची पातळी रुळाच्या माथ्याला भिडलेली. रुळांखालची खडी ठोकून घट्ट करण्यासाठी ब्लॉक उचलले की ते त्याच दिवशी परत बसले पाहिजेत. चार दिवस उघडी पडलेली खडी म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या घोट्याला खड्डाच.

पट्ट्यात दुचाकी घुसते, हा नेहमीचा आक्षेप आहे आणि तो खरा आहे. नुसते खांब रोवून ती थांबत नाही, कारण व्हीलचेअरला लागणाऱ्या नव्वद सेंटिमीटर जागेतून मोटारसायकलही जाते. वळण द्यावं लागतं. कठड्यांमध्ये दीड मीटरची वळायची जागा ठेवली तर व्हीलचेअर वळते, दोन मीटर लांबीची मोटारसायकल वळत नाही. वळणाची दिशाही अशी ठेवावी की आत शिरणाऱ्याचं तोंड जवळच्या मार्गावर गाडी येते त्या बाजूला आपोआप होईल. आणि या वाटेच्या तोंडाशी, दांड्याबरोबर लॉक होणारं दार. आत अडकलेल्याला बाहेर पडता यावं म्हणून ते बाहेरच्या बाजूला ढकलून उघडणारं हवं.

आता पुलाकडे येऊ. विजेच्या तारा आणि वर लागणारं अंतर धरून पुलाची खालची बाजू रुळापासून साडेसहा मीटरच्या आसपास ठेवावी लागते. वर गर्डरची जाडी. म्हणजे रस्ता रुळापासून साधारण आठ मीटर उंच. तिथे १:३०च्या चढाने पोचायला एका बाजूला २४० मीटर लागतात. अकरा मीटरचं अंतर पायी माणसासाठी पाचशे मीटरचं होतं. धडधाकट माणसाला सात मिनिटं, आजीला दहा, तेही उन्हात, ट्रकच्या शेजारून. नुसता पादचारी पूल केला तरी तारांवरूनच जावं लागतं, म्हणजे पंचेचाळीस-पन्नास पायऱ्या. स्टेशनचा पूल वापरा म्हणावं, तर तो अनेक ठिकाणी तिकीट तपासणीच्या हद्दीत उतरतो.

खालून जायचं गणित वेगळं आहे. माणसाला अडीच मीटर उंची पुरते. वरचा स्लॅब आणि रुळाखालची खडी धरली तरी तळ रुळापासून साडेतीन-चार मीटर खाली. पंचवीस-सव्वीस पायऱ्या, किंवा १:१२च्या उताराने पन्नासेक मीटरची रॅम्प. पुलाच्या निम्मीच चढ-उतार. कारखान्यात तयार केलेले काँक्रीटचे बॉक्स काही तास गाड्या थांबवून रुळांखाली बसवण्याची पद्धत रेल्वेच्या हातची झाली आहे. म्हणून गावातल्या फाटकाला माझं उत्तर एकच आहे: वाहनांसाठी वरून पूल हवा असेल तर बांधा, पण चालणाऱ्यासाठी जुन्या रस्त्याच्याच रेषेत भुयारी मार्ग आधी बांधा. रेषा महत्त्वाची आहे. दोनशे मीटर बाजूला सरकलेला भुयारी मार्ग रिकामा राहतो आणि भिंतीला भगदाड पडतंच.

‘भुयारी मार्ग पावसाळ्यात तुंबतात’ हे ऐकायला मिळतंच, आणि अनेक ठिकाणी ते खरं आहे. तुंबतात त्याची कारणं ठरलेली असतात. तोंडाशी रस्त्यापेक्षा वीस-तीस सेंटिमीटर उंच उंबरठा नसतो, त्यामुळे सगळ्या रस्त्याचं पाणी आत येतं. उतारावर छप्पर नसतं. दोन्ही तोंडांवरची आडवी जाळीची गटारं प्लास्टिकने बुजलेली असतात. बॉक्सच्या सांध्यांतून पाझर असतो. खाली पंप एकच असतो, आणि जोराच्या पावसात वीज गेली की तोही बंद. दोन पंप, पाण्याच्या पातळीवर आपोआप सुरू होणारे, वेगळ्या वीजजोडणीवर. शक्य असेल तिथे नाल्यापर्यंत उताराची नळी, म्हणजे पंपाची गरजच कमी. यातलं काहीही नवं नाही. करणारा कोण ते ठरलेलं नसतं, एवढंच. रुळांखालचा भाग रेल्वेचा, उतार नगरपरिषदेचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, वीजबिल कोणाचं यावर पत्रव्यवहार. अंधाऱ्या, ओल्या बोगद्यातून रात्री आठनंतर बाई जात नाही, ती रुळावरून जाते. दिवे हा इथे सुरक्षेचा भाग आहे, शोभेचा नव्हे. रुंदीतही कंजुषी नको. मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ला पावसात अडकलेल्या गर्दीत २३ माणसं गेली. अरुंद जिना आणि एकदम सुटलेली गर्दी हे समीकरण भुयारातही तसंच आहे.

कारवाई वाढवा, दंड करा, असं म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मान्य आहे: दांड्याखालून वाकून जाणं चूकच. कलम १४७ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. पण ज्या वाटेने हजारो माणसं रोज जातात तिथे दोन शिपाई उभे करून शिस्त येत नाही, ते जेवायला गेले की वाट पुन्हा सुरू होते. ‘कवच’ ही रेल्वेची स्वयंचलित सुरक्षा यंत्रणा आली की प्रश्न सुटेल, हीसुद्धा चुकीची आशा आहे. कवच फाटकाजवळ आपोआप शिट्टी वाजवतं, गाड्यांची टक्कर टाळतं. रुळावरचा माणूस त्याला दिसत नाही.

गावाच्या हातात खरा कागद एकच असतो. फाटक कायमचं बंद करायला जिल्हा प्रशासनाची संमती लागते. ती संमती देण्याआधी नगरपरिषदेने आपल्या खर्चाने मोजणी करावी. शाळा भरते-सुटते त्या वेळी, बाजाराच्या दिवशी, पहाटेच्या गाडीला. किती माणसं पायी गेली, किती दांडा पडलेला असताना गेली, त्यांत मुलं किती, म्हातारी किती, डोक्यावर ओझं असलेली किती, व्हीलचेअर किंवा काठीवाली किती. कॉलेजची वीस मुलं आणि कोरे तक्ते एवढ्यावर हे होतं. मग संमतीच्या पत्रात अट घालावी: जुन्या रेषेतला भुयारी मार्ग सुरू झाल्याच्या दिवसापर्यंत फाटक पादचाऱ्यांना बंद होणार नाही, आणि गेटमनही हटणार नाही. त्याच पत्रात पंप, दिवे आणि गटार सफाई यांची जबाबदारी कोणत्या कार्यालयाची, पंप बंद पडल्यास किती तासांत चालू व्हायला हवा, आणि वीजबिल कोणत्या खात्यातून जाणार, हे तिन्ही लिहिलेलं असल्याशिवाय त्यावर सही होऊ नये.